मासनेच्या गावात ‘साँद्रियों’: ऑपेराच्या कोरसमध्ये शिरताना

फ्रान्समध्ये राहणाऱ्या, गाण्याचं थोडंफार शिक्षण झालेल्या आणि नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आल्यावर गाणं सुटलेल्या बायकांसाठी मुख्यतः लिहितेय: ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर करायचं नाटक, त्याच्या हौशी कोरसमध्ये मी कशी शिरले ते. पुरुषांनीही वाचावं. कोरसमध्ये टेनर, म्हणजे वरच्या पट्टीत गाणारे पुरुष, कायम कमी पडतात, तुम्हाला तर हात धरून आत नेतील.

मी मूळची सांगलीची. विशारदपर्यंत गाणं शिकले, मग लग्न, मूल आणि 2021 पासून सेंत-एत्येन. ल्योंपासून रेल्वेने पाऊण तासावरचं हे जुनं खाणकामगारांचं शहर. इथे कुणाशीही बोला, विषय फुटबॉलवर जातो. पण इथल्या ऑपेरातल्या मोठ्या सभागृहाला झ्यूल मासने या संगीतकाराचं नाव आहे, कारण 1842 साली तो इथल्याच मोंतो भागात जन्मला. वडिलांचा विळे-कोयत्यांच्या पात्यांचा कारखाना होता. पोरगा लहान असतानाच कुटुंब पॅरिसला गेलं, तरी गावाने त्याला आपलाच मानलंय. त्यामुळे इथल्या हौशी गायनमंडळांच्या यादीत दर काही वर्षांनी मासने येतोच. आमच्या मंडळाने 2023-24 साठी निवडला तो त्याचा ‘साँद्रियों’, म्हणजे आपली सिंड्रेला.

सुरुवात सप्टेंबरात होते. फ्रान्समधल्या जवळजवळ प्रत्येक गावात शाळा सुरू झाल्यावरच्या पहिल्या-दुसऱ्या शनिवारी ‘फोरूम देझासोसिआसियों’ नावाचा मेळा भरतो. ज्युडोपासून मधमाश्यांपर्यंत सगळी मंडळं टेबलं मांडून बसतात. मी गेले होते मुलाला पोहायला घालायला. शेजारच्या टेबलावर गायनमंडळाच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी मला नोटेशन वाचता येतं का हे न विचारता मंगळवारी रात्री मोकळी असतेस का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं आणि हातात फॉर्म पडला.

आता कागदपत्रं. ही मंडळं 1901 च्या कायद्याखाली नोंदलेली असतात आणि सभासद व्हायला नागरिकत्व लागत नाही. माझं तित्र द सेजूर, म्हणजे राहण्याचा परवाना, कुणी पाहिलाच नाही. लागलं ते असं: प्रवेशाचा फॉर्म, घराच्या विम्यातलं ‘रेस्पोंसाबिलिते सिव्हिल’चं, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्याचं, प्रमाणपत्र (विमा कंपनीच्या साइटवर लॉगिन केलं की लगेच डाउनलोड होतं), फोटो-व्हिडिओ वापरायची परवानगी आणि वर्षाची वर्गणी 180 युरो. पोहण्याच्या क्लबने वैद्यकीय बाबींचा कागद मागितला होता म्हणून मी इथेही डॉक्टरांची वेळ घ्यायला निघाले होते. गायला तो लागत नाही. वर्गणी तीन चेकमध्ये देता येते. तिन्ही चेक पहिल्याच दिवशी लिहून द्यायचे आणि मागे पेन्सिलीने महिना टाकायचा, म्हणजे खजिनदार त्या त्या महिन्यात वटवतो. आमचं खातं ऑनलाइन बँकेत, त्यामुळे चेकबुकच नव्हतं. मागवल्यावर यायला दोनेक आठवडे गेले आणि तोवर मी उधारीवर गायले. बेरोजगारांना सवलत असते, पण रोजगार कार्यालयात नाव नोंदवल्याचा कागद दाखवावा लागतो. मी ‘काही करत नाही’ या सदरात असले तरी नोंदलेली बेरोजगार नव्हते, सबब पूर्ण वर्गणी. नोंदणी करायचा विचार असेल तर सप्टेंबरच्या आधी करा.

पहिल्या मंगळवारी आवाजाची चाचणी झाली. ‘ऑडिशन’ हा शब्द ऐकून पोटात गोळा आला होता. प्रत्यक्षात कोरसप्रमुख पियानोवर पाच सूर वाजवतात, आपण ते म्हणायचे, मग अर्धा सूर वर, पुन्हा अर्धा सूर वर, आवाज कुठे अडतो ते कळेपर्यंत. माझा आवाज खर्जात सुखाने उतरतो आणि वर गेला की छातीतूनच रेटला जातो. आपल्याकडे तेच शिकवतात. त्यांनी हसून मला आल्टोत, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांत, बसवलं. डोक्यातला आवाज, ज्याला ते ‘व्हुआ द तेत’ म्हणतात, तो मला डिसेंबरपर्यंत सापडला नाही. सापडला तोही घरी भांडी घासताना, मांजरीची नक्कल करता करता.

एवढ्यावर अडचणी संपल्या असत्या तर लिहायला बसले नसते. खरी गोची झाली ती सुरांच्या नावांची.

फ्रेंच लोक दो-रे-मी म्हणतात तेव्हा ते आपल्या सा-रे-ग सारखं नसतं. आपला सा जिथे धराल तिथे. त्यांचा दो पियानोच्या एकाच पट्टीला खिळलेला. पांढरी एक म्हणजे दो, कायमचा. माझा सा काळी चार, म्हणजे त्यांच्या भाषेत सोल दीएज. त्यामुळे त्यांचा दो माझ्या कानाला शुद्ध गंधार लागतो, आणि सगळं वाद्यवृंद ज्या ‘ला’वर जुळतं तो माझा कोमल रिषभ. पियानोवर ला वाजला की माझा कान म्हणतो, हा सुटायला हवा, खाली सा वर उतरायला हवा. आणि खोलीतले बाकीचे सगळे त्याच सुरावर घरी आल्यासारखे शांत उभे! दोन महिने मी प्रत्येक ओळीत मनातल्या मनात सा शोधायचे आणि तो सापडेपर्यंत आल्टोंची ओळ पुढे निघून जायची. त्यात मासने एका पानात तीनदा घर, म्हणजे आधाराचा मूळ सूर, बदलतो.

यावर उपाय कोरसप्रमुखांनी नाही, माझ्या डाव्या हाताला उभ्या राहणाऱ्या निवृत्त गणितशिक्षिकेने सांगितला. ती म्हणाली, नावं विसर, अंतर बघ. कागदावर एक ठिपका आणि पुढचा ठिपका यांत किती पायऱ्या आहेत तेवढंच वाच. मग जमू लागलं. षड्जापासून मोजायच्या ऐवजी आधीच्या सुरापासून मोजायचं. पलटे घोटलेल्या माणसाला अंतरं पाठ असतातच, फक्त त्यांचा दाखला बदलायचा. घरी रियाजाला तानपुऱ्याचं ॲप लावायची माझी सवय होती. ‘साँद्रियों’चा सराव करताना ते बंद ठेवलं, नाहीतर कान परत जुन्या गावी जातो. कोरसप्रमुख प्रत्येक आवाजाची ओळ वेगळी वाजवून ऑडिओ फाइल पाठवतात. त्या फाइली मोबाइलमध्ये टाकून ट्राममध्ये ऐकायच्या. मीही तेच केलं.

मींडेवरून मात्र वर्षभर बोलणी खाल्ली. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं आमच्या हाडात, आणि कोरसमध्ये पंचवीस बायका एका सुरात असताना एकजण घसरली की पहिल्या रांगेपर्यंत कळतं.

उच्चारांच्या बाबतीत उलट झालं. फ्रेंच बोलताना ‘र’ घशातून काढावा लागतो आणि दोन-तीन वर्षं मी त्याच्याशी झगडत होते. पण शास्त्रोक्त गायनात जुन्या पद्धतीचा, जिभेच्या टोकाचा ‘र’ चालतो, किंबहुना आमच्या कोरसप्रमुखांना तोच हवा होता. म्हणजे आपला मराठी ‘र’! बाकीच्या मंडळींना तो शिकवताना मला पुढे उभं केलं. शब्दाच्या शेवटचा जो ‘अ’ बोलताना गिळतात, तो गाताना हलकेच म्हणायचा असतो. श्लोक म्हणताना आपण शेवटचं अक्षर सोडत नाही, तसंच ते. ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हणायचा जो स्वर आहे, त्यावर मात्र माझ्याकडे आजही उत्तर नाही.

आता ऑपेराबद्दल, कारण काय गातोय ते कळल्याशिवाय हे पाठ होत नाही. शार्ल पेरोने 1697 साली छापलेली गोष्ट आंरी कॅं याने नाट्यरूपात लिहिली आणि 24 मे 1899 ला पॅरिसच्या ओपेरा-कॉमीकमध्ये पहिला प्रयोग झाला. ते थिएटर 1887 साली जळालं होतं. नवी इमारत डिसेंबर 1898 मध्ये उघडली, विजेच्या दिव्यांची. परीकथेसाठी यापेक्षा बरा मुहूर्त कुठला! या सिंड्रेलाचं घरातलं नाव ल्युसेत. बाप जिवंत आहे, पांदोल्फ नावाचा, भला पण बायकोपुढे शेपूट घालणारा. काचेची चपलेची जोडी इथे तावीज आहे: ती पायात असेपर्यंत घरचे तिला ओळखू शकत नाहीत. मला सगळ्यात आवडतो तिसरा अंक. ल्युसेत मरायला म्हणून पऱ्यांच्या ओक झाडाखाली जाते, राजपुत्रही तिथेच येतो, आणि परी दोघांमध्ये फुलांची भिंत उभी करते. एकमेकांना दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. मग तो आपलं काळीज त्या झाडाच्या फांदीला टांगतो. चौथ्या अंकात बाप तिला सांगतो, तू कित्येक महिने तापाने फणफणत होतीस, ते सगळं स्वप्न होतं. डिस्नेच्या सिनेमात यातलं काही नाही.

राजपुत्राची भूमिका मासनेने बाईच्या आवाजासाठी लिहिली आहे. बालगंधर्वांच्या जिल्ह्यातून आलेल्या माणसाला पुरुषाने शालू नेसण्याचं काही वाटत नाही, पण बाईने तलवार लावून बाईवर प्रेम करायचं हे पहिल्यांदा बघताना जरा वेळ लागला. त्यासाठी सार्वजनिक वाचनालयातून 2011 च्या लंडनच्या रॉयल ऑपेराची डीव्हीडी आणली. लोराँ पेलीचं दिग्दर्शन, जॉयस डिडोनाटो सिंड्रेला आणि ॲलिस कूट राजपुत्र. भिंतींवर गोष्टीच्या पुस्तकाची पानंच छापलेली. सबटायटल्स फ्रेंच लावून बघा. ऐकू येणारा शब्द आणि दिसणारा शब्द जुळले की निम्मं पाठांतर होतं. पॅरिस ऑपेराने हे काम पहिल्यांदा 2022 सालीच केलं, तेव्हा इथल्या गाणाऱ्यांपैकी कित्येकांसाठीही ते नवीनच होतं.

अख्खा ऑपेरा करणं हौशी मंडळाच्या आवाक्याबाहेरचं. मोठा वाद्यवृंद, नाच, आणि दरबारात वाजणारी ल्यूट, व्हियोल दामूर आणि काचेची बासरी कुठून आणायची? म्हणून पियानोच्या साथीने निवडक प्रवेश, मध्ये निवेदन. नोकरांची धावपळ, राजपुत्राला हसवायला आलेले डॉक्टर आणि मंत्री (पुरुषांनी यात फार मजा केली), ओकखालच्या आत्म्यांचा कोरस आणि शेवट. खरं तर पोलीन व्यार्दो या गायिकेने ऐंशी ओलांडल्यावर 1904 साली केवळ पियानोवर आणि सात जणांत होणारी छोटी ‘साँद्रियों’ लिहिली आहे. मी ऑक्टोबरात ती सुचवून पाहिली. त्यात कोरसला काम कमी, म्हणून ती मागे पडली. मासने 1912 साली गेला आणि कॅं 1937 मध्ये, त्यामुळे दोघांचेही हक्क संपलेत आणि जुन्या आवृत्तीचं पीडीएफ इंटरनेटवर फुकट मिळतं. आपापली पानं छापून, स्पायरल बाइंडिंग करून 14 युरोत काम झालं. प्रत जाड कागदावर छापा. पातळ कागद मंचावर उलटताना वाजतो. आणि पेन्सिल, फक्त पेन्सिल. श्वास कुठे घ्यायचा ते दर आठवड्याला बदलतं.

श्वासावरून आठवलं. लांब सूर असेल तर सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नसतो. शेजारणीने घेतला की आपण धरून ठेवायचं, आपण घेतला की तिने. आपण एकटं गायला शिकलेलो, श्वास तुटला की आपली फजिती आपल्यापुरती. इथे कुठल्याही क्षणी कुणीतरी गप्प आहे आणि सूर मात्र अखंड, याची मला फार गंमत वाटली.

आणि मोजणं. कोरस गातो त्यापेक्षा जास्त वेळ गप्प उभा असतो. कागदावर आडवी जाड रेघ आणि वर 32 असं लिहिलेलं, म्हणजे बत्तीस मात्रागट थांबा. झपतालाची समही न चुकणारी मी इथे सतरा-अठराला हरवायचे, कारण ठेका नाही. लय श्वासासारखी पुढे-मागे होते आणि हात हलतो तो फक्त कोरसप्रमुखांचा. मग मी मोजणं अर्धं सोडलं आणि पांदोल्फच्या ओळीतला शेवटचा शब्द पेन्सिलीने लिहून ठेवला. तो ऐकला की श्वास भरायचा.

खर्च पुढे फार वाढला नाही. काळे कपडे घरचेच, आत्म्यांसाठी निळसर ओढणी एमाउसच्या जुन्या सामानाच्या दुकानातून 4 युरोला. शाळांना दर सहा-सात आठवड्यांनी दोन आठवडे सुट्टी लागते तेव्हा तालीमही बंद. फेब्रुवारीत मात्र एक अख्खा शनिवार-रविवार तालमीचा असतो. मुलाला कुठे ठेवायचं ते आधी ठरवा. एक संकोच सांगते. इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने आणि अरे-तुरे करतात, सत्तरीच्या आजोबांनाही. मला ते वर्षभर नीट जमलं नाही. मी वाक्यं अशी फिरवायचे की क्रियापदच येऊ नये.

प्रयोग ठरले होते शनिवार 29 आणि रविवार 30 जून 2024 ला, जवळच्या एका गावच्या सभागृहात. 9 जूनला रात्री युरोपीय निवडणुकीचे निकाल लागले आणि तासाभरात राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी संसद विसर्जित केली. नवं मतदान 30 जूनला! इथे मतदान रविवारीच होतं आणि गावोगावची सभागृहं हीच मतदान केंद्रं. दोन दिवसांत ईमेल आला की शुक्रवार संध्याकाळपासून सभागृह मिळणार नाही. चिडायलाही कुणी समोर नव्हतं.

मग आठवडाभर फोन आणि कागद. शेवटी एका चर्चच्या मालकीचा हॉल मिळाला, तोही फक्त शुक्रवारी, 28 तारखेला. जागा बदलली की नवा करार, विम्याचं नव्या पत्त्याचं प्रमाणपत्र, ऑनलाइन विकलेल्या तिकिटांचे परतावे. पियानोवादिकेला आणि परीचं गाणाऱ्या, कॉन्झर्व्हेटरी म्हणजे संगीत विद्यालयातल्या विद्यार्थिनीला मानधन होतं. नाटक-संगीत हा ज्यांचा मुख्य धंदा नाही अशा संस्था कलाकारांचा पगार आणि त्यावरची सामाजिक सुरक्षेची वर्गणी ‘ग्यूझो’ नावाच्या एकखिडकी योजनेत भरतात, तिथेही तारीख-ठिकाण बदलायचं होतं. खजिनदारांचा रक्तदाब वाढलेला पाहून मी बसले त्यांच्या शेजारी. फ्रेंच सरकारी साइटवर लाल अक्षरं आली की काय करायचं, हे परवाना नूतनीकरणवाल्या आम्हा परदेशी लोकांना इथल्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं. त्या संध्याकाळपासून मंडळात माझं नाव सगळ्यांना माहीत झालं, गाण्यामुळे नव्हे.

नव्या हॉलचा मंच इतका लहान की तिसरी रांग खाली जमिनीवर. तिकीट न लावता शेवटी टोपी फिरवायची असं ठरलं. संध्याकाळी साडेआठला बाहेर लख्ख उजेड, पडदे पुरेसे काळे नव्हते, त्यामुळे ओकखालची मध्यरात्र उन्हातच झाली. नोकरांच्या प्रवेशात आम्ही घाईने अर्धा मात्रागट पुढे पळालो. पियानोवादिकेने आम्हाला कसं गाठलं तिचं तिला माहीत. राजपुत्राचं काळीज म्हणून लाल मखमलीची पिशवी होती, ती फांदीवरून घसरून पहिल्या रांगेतल्या एका छोट्या मुलीच्या मांडीत पडली. तिने ती उठून पुन्हा टांगली आणि टाळ्या घेतल्या.

या ऑपेराचा शेवट असा की सगळी पात्रं प्रेक्षकांकडे वळून सांगतात, नाटक संपलं, तुम्हाला त्या सुंदर निळ्या देशांत उडवून न्यायचा आम्ही होईल तेवढा प्रयत्न केला. आपल्या संगीत नाटकात भरतवाक्य म्हणतात तसंच. तालमीत मी ते इतक्यांदा गायले होते, पण समोर माणसं बसलेली असताना माझा आवाज पहिल्या दोन शब्दांना फुटलाच नाही. शेजारणीने सूर धरला होता, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्वसाधारण सभा झाली. सभासदाने तिला जावंच. वर्गणी कुठे जाते ते तिथे कळतं आणि मतही देता येतं. टोपीतल्या पैशांत हॉलचं भाडं सुटलं, मानधनाचा काही भाग मंडळाच्या शिलकीतून गेला. पुढच्या वर्षासाठी मी पुन्हा व्यार्दोची ‘साँद्रियों’ मांडली. बाजूने हात वर झाले ते माझा, गणितशिक्षिकेचा आणि खजिनदारांचा. बहुमताने ऑफेनबाख हा संगीतकार आला. मीही सहखजिनदार झाले, कारण ग्यूझोचा पासवर्ड आता मलाच ठाऊक होता.